फलक उतरवायचा नाही

पालघर जिल्ह्यातल्या आमच्या जव्हारच्या महाविद्यालयात मराठी विभागाचं भित्तिपत्रक निघतं. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडच्या पाड्यांवरून येणारी मुलं ते हातानं लिहितात, त्यात चित्रं काढतात आणि ग्रंथालयाबाहेरच्या काचेच्या फलकात लावतात. या वेळच्या अंकात दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा लेख आहे, ‘हळदीचा डीजे आणि भट्टीची उचल’. तिच्या थोरल्या भावाचं लग्न गेल्या वैशाखात झालं. हळदीला डीजे आला, मांडव मोठा पडला, दोन दिवस पंगती उठल्या. पैसा वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल म्हणून घेतला होता. दिवाळी झाली आणि आईबाप, भाऊ, नवी वहिनी असे सगळे भिवंडीकडच्या भट्टीवर गेले. लग्न दोन दिवसांचं आणि त्याची फेड अख्ख्या हंगामाची, असं तिनं लिहिलं. पुढं सरळ विचारलं, की हा डीजे आपल्याला हवाच आहे का?

लेख लागला आणि गावाकडं राग उसळला. त्यानंतरचा हा माझा एक दिवस.

सकाळी ६.००

माघातली पहाट जव्हारला अजून बोचते. चहा उकळायच्या आत फोन येतो. एक माजी विद्यार्थी सांगतो, “मॅडम, आज लोकं येणार कॉलेजात. तिचे चुलतेपण असतील. तुम्ही तयारीत राहा.” लेखाचा फोटो रात्रीत पाड्यापाड्यांवर फिरला आहे. मात्र पूर्ण लेख फार थोड्यांनी वाचलेला दिसतो. फोटोत अर्धंच पान आलंय आणि उरलेलं ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरलं आहे. आदिवासी दारुडे आहेत असं तिनं लिहिलं, हे दोघांनी मला खात्रीनं सांगितलं. लेखात दारूचं नावसुद्धा नाही.

विद्यार्थ्याच्या लेखावरून वाद पेटतो तेव्हा आधी हेच होतं. लिहिलेलं बाजूला राहतं आणि न लिहिलेल्यावर भांडण सुरू होतं. म्हणून आजचं पहिलं काम मूळ लेख शब्द न् शब्द सांभाळायचं.

सकाळी ७.३०

एसटी स्टँडवरून वळून मी मुलींच्या वसतिगृहाकडं जाते. लेखिका पायरीवरच बसली आहे, डोळे सुजलेले. रात्री चुलत बहिणीचा फोन आला होता. निरोप एवढाच, की होळीला घरी येऊ नको.

या भागात होळीला घरी न येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही. भट्टीवर गेलेली माणसं होळीसाठी दोन दिवस का होईना पाड्यावर परततात. वर्षभर विखुरलेलं घर त्या दिवशी एकत्र दिसतं. त्या दिवशी येऊ नको म्हणणं म्हणजे तू आमच्यातली नाहीस असं सांगणं.

ती विचारते, “मॅडम, मी खोटं काय लिहिलं?”

“खोटं काही नाही,” मी म्हणते. “लेख देण्याआधी आपण तुझ्या घरची उचलीची वही पाहिली होती. आजही ती बरोबर ठेव.”

मुंबईपुण्यातल्या विद्यार्थ्याच्या लेखावर टीका करणारे बहुधा अनोळखी असतात. इथं लेखिका, तिचे वाचक आणि तिच्यावर रागावलेले लोक शनिवारी एकाच जीपमध्ये बसून गावी जातात. जीपवाला तिचा मामा लागतो, सरपंच तिच्या आत्याच्या घरातला असतो. तिनं कुणाचं नाव घेतलेलं नाही, उदाहरण स्वतःच्याच घराचं दिलं आहे. पण पाडा इतका लहान, की एका घराबद्दल लिहिलं तरी सगळ्यांना ते आपल्याबद्दल वाटतं. शहरातल्या लेखकाहून तिला मोजावी लागणारी किंमत जास्त आहे. आपण शिक्षक तिच्या मागं किती घट्ट उभं राहायचं, ते या किमतीवरून ठरलं पाहिजे.

सकाळी ८.३०

फलकाभोवती गर्दी आहे. काचेवर कुणीतरी चिठ्ठी डकवली आहे, ‘समाजाची बदनामी थांबवा’. शिपाईकाका ती काढायला पुढं होतात. मी त्यांना थांबवते. चिठ्ठी हेही मत आहे. ती मी जपून सोडवते, मागं तारीख टाकते आणि अंकाच्या फाइलमध्ये लावते. मग लेखाचा संपूर्ण, स्वच्छ फोटो काढते. त्याच्या प्रती काढून एक प्राचार्यांना, एक ग्रंथालयाला आणि एक येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवते. फलकाला कुलूप घालून किल्ली स्वतःकडं घेते.

मुलं उभ्या उभ्या वाचतायत आणि आपसात वाद घालतायत. मोखाड्याचा एक मुलगा म्हणतो, “आमच्याकडं पण हेच आहे.” दुसरा म्हणतो, “असंल, पण भिंतीवर कशाला लावायचं?” गेले कित्येक महिने या फलकापुढं इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं.

सकाळी ९.३०

तास आधुनिक गद्याचा आहे. ठरलेला धडा मी बाजूला ठेवते आणि फळ्यावर दोन सालं लिहिते, १८५५ आणि १८८२.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. तिचं नाव मुक्ता साळवे. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी, मांग समाजातली. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेल्या त्या निबंधात तिनं धर्म, जात आणि पेशवाईतला छळ यांवर थेट प्रश्न केले. मराठीत विद्यार्थ्यानं मत मांडण्याची परंपरा शोधायला गेलं, तर तिच्या उगमाशी एक दलित मुलगी भेटते. वर्गातल्या मुली सरसावून बसतात.

दुसरं साल ताराबाई शिंद्यांचं. बुलढाण्याच्या या बाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. पुरुषांचे दोष बायकांच्या माथी मारणाऱ्या समाजाला त्यांनी धारेवर धरलं. त्यावर अशी टीका झाली, की खुद्द सत्यशोधकांतही त्यांच्यावर रागावणारे निघाले. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक मराठीला मिळालं नाही.

मी मुलांना विचारते, ताराबाईंनी पुढं लिहिलं असतं तर मराठीत आणखी काय आलं असतं? वर्गात उत्तर कुणाकडं नाही, माझ्याकडंही नाही. टीकेनं एक लेखिका गप्प होते तेव्हा तोटा तिच्या एकटीचा नसतो. तिनं पुढं जे लिहिलं असतं, त्याला सगळ्यांनाच मुकावं लागतं.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मॅडम, पण आपल्याच माणसांवर लिहायचं का?”

प्रश्न रास्त आहे. मी आगरकरांचं उदाहरण देते. ‘सुधारक’मधून त्यांनी टीका केली ती आपल्याच समाजावर, आपल्याच घरातल्या रूढींवर. पुण्यात सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. परक्यांवर टीका करायला धैर्य कमी लागतं. आपल्या माणसांशी असहमत होऊन पुन्हा त्यांच्याच पंगतीला बसायचं, हे सगळ्यात अवघड.

सकाळी ११.००

प्राचार्यांच्या दालनात पाच-सहा जण आले आहेत. चुलते, गावातले दोन जाणते, काही तरुण. मी सगळ्यांसाठी आधी चहा मागवते आणि लेखाची प्रत प्रत्येकाच्या हाती देते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पूर्ण लेख मोठ्यानं वाचते. वाचन संपेस्तोवर दोघांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झालेल्या असतात. चुलत्यांच्या मात्र नाहीत.

“मॅडम, पोरीला शिकायला पाठवली. घराची लक्तरं वेशीवर टांगायला नाय पाठवली.”

त्यांची मागणी स्पष्ट आहे. लेख काढायचा आणि मुलीनं सगळ्यांसमोर माफी मागायची.

मी विचारते, “दादा, यातलं एखादं वाक्य खोटं आहे का? असेल तर आत्ता सांगा. उद्याच्या उद्या त्याच फलकावर दुरुस्ती लावू.”

ते बराच वेळ कागदाकडं बघत राहतात. शेवटी म्हणतात, “खोटं नाय. पण सांगायचं नव्हतं.”

सगळ्या वादाचं मूळ या पाच शब्दांत आहे. खोटं लिहिलं असतं तर तक्रार वेगळी होती आणि ती ऐकून दुरुस्ती करणं आमचं कर्तव्य होतं. इथं दुखणं खरं बोलल्याचं आहे. चुलत्यांचं दुखणंही मला कळतं. जव्हार-मोखाड्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९९२-९३ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हापासून कॅमेरे, समित्या आणि पत्रकार येत राहिले. त्या लिखाणानं सरकारला जाग आली, हेही खरं. पण दर वेळी इथला माणूस फोटोतला चेहरा राहिला. आपल्याकडं पुन्हा कुणीतरी दयेनं बघणार, ही भीती त्या रागाच्या तळाशी आहे.

मी त्यांना तेच सांगते. “आजवर बाहेरचे लिहीत होते. आता तुमची मुलगी लिहितेय. ती दया मागत नाही. आपण काय करायचं, हे ती आपल्यालाच विचारतेय.”

एक जाणते बाबा मग लगीनगड्याची गोष्ट काढतात. त्यांच्या आज्यानं लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि नवराबायको दोघंही त्याच्या घरी राबत राहिले. अशा वेठीविरुद्ध १९४५ साली या जिल्ह्यातले वारली उठले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिकत आहे. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. बाबा म्हणतात, “तेव्हा सावकार होता, आता मुकादम आला. पोरगी तेच बोलतेय.” दालनात कुणी काही बोलत नाही.

बैठक मोडते ती समेटावर नाही. चुलते रागातच उठतात. मी त्यांना एक गोष्ट कबूल करते, की त्यांचं म्हणणं लेखी दिलं तर त्याच फलकावर, तेवढ्याच जागेत लागेल.

दुपारी १२.३०

प्राचार्य दार लावून घेतात. त्यांची काळजी खरी आहे. संस्था काय म्हणेल, पोलिसांत तक्रार गेली तर काय? “दोन दिवस फलक उतरवून ठेवू का? वातावरण निवळलं की पुन्हा लावू.”

मी नाही म्हणते. उतरवलेला फलक कुणी पुन्हा लावत नाही. आणि तो उतरला, की लेख चुकीचा होता असंच सगळे धरून चालतील. मुलीनं माफी न मागताच तिला माफी मागायला लावल्यासारखं होईल.

पोलिसांचा विषय निघाला म्हणून मी २०१२ची आठवण करून देते. आपला जिल्हा तेव्हा ठाण्यातून वेगळा झालेला नव्हता. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीनं ते पसंत केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढं गुन्हा टिकला नाही, कारवाई करणारे अधिकारी निलंबित झाले. याच प्रकारानंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं.

त्या निकालानं चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिल्या दोन, ऐकणाऱ्याला कितीही बोचल्या तरी, घटनेच्या १९ (१) (अ) कलमातल्या स्वातंत्र्याच्या गाभ्याशी आहेत. बंधनाचा प्रश्न चिथावणीपाशी येतो. आमच्या मुलीचा लेख पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे. तिनं कुणावर हात उगारायला सांगितलेलं नाही, कुणाची जात काढलेली नाही, कुणाचं नावही घेतलेलं नाही.

प्राचार्य चष्मा काढून टेबलावर ठेवतात. “ठीक आहे. फलक राहील. संस्थेला पत्र मी लिहितो.” सही त्यांचीच जाणार आहे. ते हे करतायत, याचं मोल मला कळतं.

दुपारी १.३०

लेखिका सकाळपासून उपाशी आहे. विभागात बसून आम्ही डबा खातो, नागलीची भाकरी आणि वालाची भाजी. तिला लेखाबद्दल बोलायचं नाही, म्हणून परीक्षेबद्दल बोलतो. टीका झेलणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसभर वादाबद्दलच बोलायला लावू नये. तिचा तास, प्रॅक्टिकल, मैत्रिणी हे सगळं जसंच्या तसं चालू राहायला हवं. वसतिगृहाच्या गृहपालबाईंना मी फोन करून ठेवते. काही दिवस तिनं बाजारात एकटीनं जाऊ नये आणि तिला भेटायला कोण येतं याची नोंद असावी, एवढंच सांगते.

दुपारी २.३०

संपादक मंडळाची बैठक. सात मुलं, एक टेबल. टेबलावर आज आलेलं एक पत्र आहे. पाठवणारा आमचाच माजी विद्यार्थी, आता डीजेचा धंदा करतो. मुलं हसायच्या बेतात असतात. पत्र वाचून झाल्यावर कुणी हसत नाही.

तो लिहितो, मीही भट्टीवर वाढलो. शिकलो, नोकरी मिळाली नाही. कर्ज काढून स्पीकर घेतले. लग्नसराईत चार पैसे मिळतात म्हणून मी आणि माझी तीन पोरं आज भट्टीवर नाही. डीजे बंद करा म्हणता, मग आम्ही काय करायचं ते पण लिहा.

हा सकाळपासूनचा पहिला खरा प्रतिवाद. यात अब्रूची भाषा नाही, लेखिकेवर वार नाही. तो लेखातल्या मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर देतो. मंडळात वाद होतो. एक मुलगी म्हणते, “हे लावलं तर आपल्या लेखाची धार जाईल.” लेखिका स्वतः म्हणते, “लावा. त्याचं खरं आहे. मला त्याचा विचार आला नव्हता.”

पत्र जसंच्या तसं लावायचं ठरतं. शुद्धलेखनसुद्धा त्याला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. मंडळ आणखी एक ठरवतं. पुढच्या अंकात लग्नाच्या जुन्या रीतींवर लिहायचं. चौक लिहिणाऱ्या सवासिणी आणि लग्न लावणारी धवलेरी यांच्याशी बोलायचं. ऐपत नाही म्हणून आधी संसार मांडून लग्न पुढं कधीतरी लावायची वारल्यांमधली मोकळीक, तिच्याबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. लेखाचा प्रश्न आता सात जणांनी हाती घेतला आहे. टीकेच्या दिवसांत लेखकाला याहून मोठा आधार नसतो.

दुपारी ४.००

तिचे वडील फोनवर येतात. भट्टीवर दुपारच्या विश्रांतीलाच बोलता येतं. मागं ट्रकचा आवाज आहे. त्यांना सगळं कळलेलं आहे. ती फोन स्पीकरवर टाकते आणि घाबरत म्हणते, “बाबा, मी लिहिलं.”

“लिवलंस तं लिवलंस, बाय. आपल्या घरचंच लिवलंस ना. दुसऱ्याचं नाय ना?”

“नाय.”

“मंग घरी ये होळीला. चुलत्याशी मी बोलतो.”

लेख फलकावर लावण्याआधी तिनं वडिलांना वाचून दाखवला होता. घरातलं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून ही एक अट आम्ही पाळून घेतो. ज्याचं जगणं लेखात येतं त्याला तो छापण्याआधी माहीत असला पाहिजे. आज त्या अटीनं तिला घर राखून दिलं.

संध्याकाळी ५.३०

फलक उघडते. लेख जागेवर राहतो. शेजारी डीजेवाल्याचं पत्र लागतं. खाली एक रिकामा कागद, त्यावर मंडळाची सूचना: प्रतिक्रिया लेखी द्या, नाव लिहा, मुद्द्यावर लिहा, कुणाच्या घरादारावर किंवा बाईपणावर लिहिलेलं लावलं जाणार नाही. चुलत्यांसाठी जागा राखलेली आहे. ती भरेल की नाही, ते त्यांच्या हाती.

रात्री ९.००

आज वापरलेली कामाची रीत मी विभागाच्या वहीत उतरवते, म्हणजे पुढच्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. लेख लावण्याआधी प्रत्येक तथ्याचा पुरावा पाहावा. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवावं. वाद झाला तर आधी पूर्ण लेख वाचून दाखवावा, मग बोलावं. चूक असेल तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत. दुसऱ्या बाजूला तेवढीच जागा. भेटायला आलेल्यांशी शिक्षकानं बोलावं, विद्यार्थ्याला त्यांच्यापुढं उभं करू नये. खऱ्या लेखासाठी माफी मागायला लावू नये. आणि फलक उतरवू नये.

महाराष्ट्रातल्या लहान गावांच्या महाविद्यालयांत अशी शेकडो भित्तिपत्रकं आणि वार्षिक अंक निघतात. बहुतेकांत पावसावर कविता आणि थोर पुरुषांवर निबंध असतात, कारण त्यांवर कुणी रागावत नाही. आपली मुलं याहून पुष्कळ काही जाणतात. त्यांना उचल माहीत आहे, मुकादम माहीत आहे, घरातली वही माहीत आहे. ती लिहितील तेव्हा काही लोक रागावतील, आणि त्या दिवशी मुलांना कळेल की शिक्षकांनी वर्गात शिकवलेली मुक्ता साळवे खरी होती की नुसती प्रश्नपत्रिकेपुरती. माझी प्राचार्यांना आणि मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे, त्या दिवशी मुलांच्या पुढं उभे राहा.